फुकटचं सॉफ्टवेअर बंद पडलं तर कुणाच्या दारात जायचं?



मागच्या महिन्यात गुहागरला आपली दोन दिवसांची कार्यशाळा झाली. एका घराच्या पडवीत वीस-बावीस जण, मध्ये दोन वेळा लाइट गेली, तरी कुणी उठलं नाही. होमस्टेवाले होते, कोकम सरबत आणि आंबापोळी विकणारे होते, वेळणेश्वरचा एक तरुण पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो, तोही होता. मोबाइलवर शूट करायचं, लॅपटॉपवर एडिट करायचं, हा विषय. मी नेहमीप्रमाणे ओबीएस, केडेनलाइव्ह, ऑडॅसिटी आणि व्हीएलसी एवढ्या चार गोष्टी सगळ्यांच्या लॅपटॉपवर टाकायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी हेदवीच्या एका ताईंनी विचारलं, "सर, तुम्ही आम्हाला सगळं फुकटचंच शिकवताय. उद्या ते बंद पडलं तर आम्ही कुणाच्या दारात जायचं?"

मी तेव्हा काहीतरी घाईत बोललो. "काळजी करू नका ताई, जगभर वापरतात," असलं काहीतरी. घरी येताना फेरीबोटीत बसल्यावर वाटलं, हे उत्तर नव्हे. ज्या बाईचं घर चार खोल्यांच्या भाड्यावर चालतं, तिने पुरवठादाराची चौकशी केली तर ती बरोबरच आहे. तुम्ही काजूगर घेताना चौकशी करता ना? मग ज्याच्यावर तुमची सगळी जाहिरात उभी आहे, त्याची का नको? म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट साफ करू. कार्यशाळेत निम्म्या लोकांकडे एडिटिंगचं सॉफ्टवेअर आधीपासून होतं. पायरेटेड. कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेलं, "अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉल कर" अशा सूचनेसकट. मंडळी, चोर घरात येणार म्हणून आपण कुत्रा बांधून ठेवतोय, एवढं तरी ओळखा! माझ्या ओळखीत एकाचा लॅपटॉप असाच गेला. सगळ्या फायली लॉक, स्क्रीनवर इंग्रजीत पैशांची मागणी. चार वर्षांचे फोटो गेले, एक्सेलमधलं बुकिंगचं रजिस्टर गेलं आणि दिवाळीच्या सुट्टीत कोणत्या पाहुण्याने किती आगाऊ रक्कम दिली हे त्याला प्रत्येकाला फोन करून विचारावं लागलं. लाजेने अर्धमेला झाला होता बिचारा. पायरेटेड आणि ओपन सोर्स या दोन्हींना आपण "फुकट" हाच शब्द वापरतो, आणि सगळा घोळ तिथे आहे. ओपन सोर्स म्हणजे ज्याने लिहिलं त्यानेच परवानगी दिलेली असते: वापरा, धंद्यासाठी वापरा, कोड बघा, बदला, दुसऱ्याला द्या. तुमच्या आंबापोळीच्या जाहिरातीसाठी केडेनलाइव्ह वापरलंत तर कुणी बिल पाठवणार नाही. (जाहिरातीत टाकलेलं सिनेमातलं गाणं मात्र त्या परवानगीत येत नाही हं. त्यावर वेगळा व्हिडिओ करतो.)

आता ताईंच्या प्रश्नाकडे. कुणाच्या दारात जायचं?

व्हीएलसीचंच बघा. तो नारिंगी कोन सगळ्यांना माहीत आहे, पण त्यामागे कोण आहे हे विचारलं की पडवीत शांतता. 1996 मध्ये पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल नावाच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी ते सुरू केलं. कारण काय, तर हॉस्टेलचं नेटवर्क इतकं हळू होतं की गेम खेळता येत नव्हते! नवीन नेटवर्कला पैसे मिळवायला कारण हवं, म्हणून नेटवर्कवरून टीव्हीचे कार्यक्रम दाखवायचा प्रकल्प काढला. 2001 मध्ये कोड सगळ्यांसाठी खुला केला. आज व्हिडिओलॅन नावाची ना-नफा संस्था तो सांभाळते. जाँ-बातिस्त केम्फ हे तिचे प्रमुख. व्हीएलसीत जाहिराती घालायला लोकांनी त्यांना मोठमोठ्या रकमा देऊ केल्या आणि आपण त्या नाकारल्या, असं त्यांनी अनेक मुलाखतींत सांगितलंय. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी जाहीर केलं की डाउनलोडचा आकडा 6 अब्जांच्या पुढे गेला. त्याच वेळी एक नवीन सोय करून दाखवली: चालू व्हिडिओची सबटायटल्स लॅपटॉप स्वतःच तयार करणार, इंटरनेटशिवाय. गुहागरात बसून इंटरनेटशिवाय चालणाऱ्या गोष्टीचं महत्त्व मी तुम्हाला काय सांगू!

पण ताईंची शंका खरी ठरल्याचंही उदाहरण आहे, तेही आपल्याच देशातलं. फेब्रुवारी 2022 पासून व्हिडिओलॅनची वेबसाइट भारतात उघडेनाशी झाली. नोटीस नाही, कारण नाही. ज्यांच्याकडे व्हीएलसी होता त्यांचा चालत राहिला, मोबाइलच्या स्टोअरवरही मिळत होता, पण लॅपटॉपसाठी मूळ जागेवरून घ्यायची वाट बंद. मग लोक काय करतात? सर्च करतात आणि पहिली जी साइट दिसेल तिथून उतरवतात. म्हणजे सुरक्षेसाठी दार बंद केलं म्हणावं, तर लोक खिडकीतून नको त्या घरात शिरले. माहितीच्या अधिकारात विचारलं तर इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने माहिती उपलब्ध नाही असं कळवलं. शेवटी इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या दिल्लीच्या संस्थेच्या मदतीने व्हिडिओलॅनने ऑक्टोबर 2022 मध्ये सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये साइट पुन्हा सुरू झाली.

या प्रकरणात मला काय दिसतं सांगू? नऊ महिने लागले, हे वाईट. पण कुणीतरी भांडलं. पॅरिसची संस्था आपल्यासारख्या एकही रुपया न देणाऱ्या लोकांसाठी आपल्या सरकारशी पत्रव्यवहार करत बसली. विकतच्या ॲपचा मालक एखाद्या सकाळी "आम्ही ही सेवा बंद करतोय" अशी ईमेल पाठवून मोकळा होतो, तेव्हा तुमच्या बाजूने कोण उभं राहतं?

ऑडॅसिटीची गोष्ट अजून बोलकी आहे. आवाज साफ करायला आपण जे वापरतो, ते 2000 सालापासून लोकांच्या हातात आहे. 2021 मध्ये म्यूझ ग्रुप नावाच्या कंपनीने ते आपल्याकडे घेतलं आणि महिन्याभरात वापरणाऱ्यांची काही माहिती गोळा करायचा प्रस्ताव ठेवला. जगभरातून एवढा गदारोळ झाला की कंपनीला तो मागे घ्यावा लागला. पुढे गोपनीयतेच्या धोरणावरून पुन्हा वाद, पुन्हा खुलासा. काही जणांनी तर तोच कोड उचलून टेनॅसिटी नावाने वेगळी चूल मांडली. हे करता येतं, कारण कोड खुला आहे. एकत्र कुटुंबात पटलं नाही तर वाटणी होते, पण विहीर सगळ्यांना राहते, तसं.

मात्र हे वाद आपल्यापर्यंत पोचले का? नाही. कारण आपण बातम्या वाचतच नाही. आणि इथे मी तुमच्यावर थोडा रागावणार आहे.

यातला प्रत्येक प्रकल्प स्वतःबद्दल नियमित लिहितो. नवीन आवृत्तीत काय बदललं, काय काढून टाकलं, कोणत्या जुन्या कॉम्प्युटरवर आता चालणार नाही, पैसे किती लागतात. सोप्या इंग्रजीत असतं. मोबाइलवर भाषांतर करून वाचलं तर दहा मिनिटांचं काम. आपण मात्र "अपडेट" दिसलं की एकतर डोळे मिटून दाबतो, नाहीतर वर्षभर "नंतर" करत राहतो.

मी स्वतः यात पोळलोय. दोन वर्षांपूर्वी, एप्रिलचा शेवट, एका बागायतदाराचा पेटीविक्रीचा व्हिडिओ निम्मा झालेला. संध्याकाळी एडिटरने अपडेट विचारलं, मी हो म्हटलं. सकाळी प्रोजेक्ट उघडलं तर एक इफेक्ट गायब आणि मराठी शीर्षकांचा फाँट बदललेला. सगळी शीर्षकं परत बसवण्यात दीड दिवस गेला. आंब्याच्या दिवसांत दीड दिवस म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही, कारण दोष माझा. तो इफेक्ट काढलाय हे बदलांच्या यादीत तिसऱ्या ओळीत लिहिलेलं होतं. त्या बागायतदाराने पैसे कापले नाहीत, पण पुढच्या वर्षी काम दुसऱ्याला दिलं.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. केडेनलाइव्हच्या आवृत्तीला वर्ष आणि महिन्याचा आकडा असतो: 24.08 म्हणजे 2024 चा ऑगस्ट. वर्षातून तीनदा, एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये मोठी आवृत्ती येते, आणि त्यानंतर 24.08.1, 24.08.2 अशा दुरुस्त्या. मी पहिल्या दिवशी कधीच घेत नाही, दुसरी दुरुस्ती येईपर्यंत थांबतो. आणि चालू काम जुन्यावरच पूर्ण करतो. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर मात्र थांबायचं नाही, ती यादीत तशी लिहिलेली असते. बाकी सगळे मोठे बदल पावसाळ्यात. 1 जूनला मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढून डागडुजी करतात ना, तेव्हाच आपला लॅपटॉपही ओढून घ्यायचा.

जुना लॅपटॉप असेल तर आणखी एक. ओबीएसची 28 वी आवृत्ती 2022 मध्ये आली, तेव्हापासून ते विंडोज 7 आणि 8 वर चालत नाही. याउलट व्हीएलसीची 3 नंबरची आवृत्ती अगदी एक्सपीवरही चालते. पालशेतच्या एका दादांनी ओबीएससाठी नवीन लॅपटॉप घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. त्यांना फक्त मोबाइलवरचा व्हिडिओ कापायचा होता! ओबीएस हे स्क्रीन रेकॉर्डिंग आणि लाइव्हसाठी आहे. दहा मिनिटं वाचलं असतं तर चाळीस हजारांचा विचारच आला नसता.

आता पैशाचा विषय. काही जण म्हणतील, सर, फुकट आहे तर फुकट वापरू, त्यात एवढं काय. नाही पटत मला. एफएफएमपेग हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण व्हीएलसी, ओबीएस, केडेनलाइव्ह या तिघांच्याही पोटात तेच आहे. व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्यात बदलायचं काम ते करतं, आणि जगातल्या बड्या कंपन्याही तेच वापरतात. लिहिणारे बहुतेक जण स्वयंसेवक. 2025 मध्ये गुगलच्या एआयने त्यात दोष शोधले, त्यातला एक तर 1995 च्या एका गेमच्या व्हिडिओसाठी असलेल्या कोडमधला होता. एफएफएमपेगवाले चिडले. त्यांचं म्हणणं, एवढी श्रीमंत कंपनी आमचं काम वापरते, तर नुसती चूक दाखवून मुदत लावण्यापेक्षा दुरुस्ती पाठवा किंवा पैसे द्या. दोष दाखवणं चुकीचं नाही, माझं मत तिथे गुगलच्या पूर्ण विरोधात नाही. पण फुकट जेवायला बसलेल्याने मीठ कमी आहे म्हणून ओरडताना निदान ताट तरी उचलावं.

त्याच वर्षी एफएफएमपेगला 1 लाख डॉलर मिळाले, आणि ते दिले बंगळुरूच्या झिरोधाच्या फ्लॉस फंडाने. 2024 मध्ये सुरू झालेला हा फंड वर्षाला 10 लाख डॉलर अशा प्रकल्पांना देतो. झिरोधाचं स्वतःचं कामकाज ओपन सोर्सवर उभं आहे, म्हणून ते देतात. केडेनलाइव्हने 2022 मध्ये लोकांकडे 15 हजार युरो मागितले होते, त्याहून जास्त जमले. म्हणजे थोडे थोडे देणारे लोक आहेत.

तुमच्याकडे लाख डॉलर नाहीत, माझ्याकडेही नाहीत. मी वर्षाला एकदा, दसऱ्याला हत्यारांची पूजा करतो तेव्हा लॅपटॉपला फूल वाहतो आणि एका प्रकल्पाला थोडी रक्कम पाठवतो. पैसे जमत नसतील तर मराठी द्या. व्हीएलसीच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, ती कुणीतरी बसून लिहिली. केडेनलाइव्हमध्ये व्हिस्पर वापरून बोलण्याची सबटायटल्स आपोआप करता येतात, मराठीचीही. पण आपल्याकडचं बोलणं त्याला नीट कळत नाही. कार्यशाळेत एका आजींनी रातांब्याची सोलं कशी वाळवायची ते सांगितलं, तर स्क्रीनवर भलतंच उमटलं आणि सगळी पडवी हसली. अशी चूक दिसली की कोणत्या आवृत्तीत, काय केल्यावर, काय झालं, एवढं तीन ओळींत लिहून कळवा. नुसतं "चालत नाही" लिहिलं तर कुणालाच काही करता येत नाही. तुमच्या होमस्टेच्या रिव्ह्यूत कुणी "बेकार" एवढंच लिहिलं तर तुम्ही काय सुधारणार?

आणि एक कबुली. सगळं काम ओपन सोर्सवरच करा असा माझा हट्ट नाही. मोबाइलवर तीस सेकंदांचं रील करायला एखादं साधं ॲप जास्त पटकन होतं, मीही वापरतो. फक्त मूळ शूट केलेल्या फायली वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. 2021 च्या जुलैत चिपळूणला पाणी भरलं तेव्हा किती दुकानांतले कॉम्प्युटर गेले, आठवतंय ना. डिस्क माळ्यावर ठेवा.

हेदवीच्या ताईंना मी परवा फोन केला आणि हे सगळं थोडक्यात सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दार आहे, पण ठोठवायला इंग्रजी लागतं." मी म्हटलं, हो ताई, सध्या तरी लागतं. त्यांचा मुलगा बारावीला आहे. जूनमध्ये, पाहुणे कमी झाले की, आम्ही तिघं बसून केडेनलाइव्हच्या नव्या आवृत्तीची बदलांची यादी मराठीत लिहून काढणार आहोत. झाली की इथेच टाकतो.