आजीमागची आजी

१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिल्या स्त्री न्यायाधीश सँड्रा डे ओ'कॉनर वयाच्या ९३व्या वर्षी फीनिक्स येथे निवर्तल्या. त्यानंतर आलेल्या मृत्युलेखांत एकच वाक्य निरनिराळ्या वेषांत आम्हांस भेटत राहिले: ॲरिझोनाच्या वाळवंटात, गुरांच्या रँचवर ही मुलगी वाढली, म्हणून ती इतकी कणखर आणि स्वावलंबी झाली. वाक्य सुटसुटीत आहे. नातवंडांना सांगण्याजोगे आहे. मात्र बाईंनी स्वतःच लिहिलेले आठवणींचे पुस्तक शेजारी ठेवून वाचले, तर ते जेमतेम अर्धे खरे ठरते, आणि उरलेल्या अर्ध्यात एक दुसरीच आजी उभी असलेली दिसते. तिच्याविषयी लिहावे म्हणून हा प्रपंच.

'लेझी बी' हे ते पुस्तक. धाकटे बंधू ॲलन डे यांच्यासह त्यांनी ते लिहिले आणि २००२ साली ते प्रसिद्ध झाले. नावाचा 'आळशी बी' असा अनुवाद करण्याचा मोह कोणास झाल्यास त्याने तो आवरावा. गुरांच्या अंगावर डाग देऊन जी खूण उमटवतात, तिच्या परिभाषेत आडवे निजलेले अक्षर 'लेझी' म्हटले जाते. तो आडवा बी ही डे कुटुंबाच्या गुरांची ओळख होती. 'रँच'लाही आमच्याकडे शब्द नाही. कुरण म्हणावे तर माणसे गळतात, मळा म्हणावे तर पाणी गृहीत धरले जाते, आणि पाणी हीच तर तिथली उणीव. जी. ए. कुलकर्णींनी मराठीत आणलेल्या कॉनरॅड रिक्टरच्या 'रान', 'शिवार', 'गाव' या कादंबऱ्यांमुळे मराठी वाचकाला अमेरिकन वसाहतकारांची ओळख आहे. पण ती जंगल तोडून घर उभारणाऱ्यांची कथा. इथे तोडायला झाडच नाही.

सँड्राबाईंच्या आजोबांनी १८८० साली ही रँच वसवली. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको यांच्या सीमेवर, हिला नदीच्या दक्षिणेस, सुमारे १,९८,००० एकरांचा हा विस्तार होता. एवढी जमीन ऐकून डोळे विस्फारतात. परंतु त्या कोरड्या मुलखात एका गाईला पोसायलाच पुष्कळ एकर लागत. विहिरींवरच्या पवनचक्क्या फिरल्या तर पाणी, पाणी असेल तर गुरे, गुरे असतील तर घर. त्या घरातही नळ आणि वीज आली ती सँड्रा सात वर्षांची झाल्यावर.

पुस्तकातला एक प्रसंग पुष्कळांच्या परिचयाचा आहे. साधारण पंधरा वर्षांची सँड्रा दूरवर डाग देण्याच्या कामात गुंतलेल्या माणसांसाठी जेवण घेऊन एकटीच ट्रकने निघते. वाटेत चाकातली हवा जाते. मदतीला कोणी येणे शक्य नसते. चाकाच्या घट्ट बसलेल्या नटांशी झटत ती कसेबसे चाक बदलते आणि उशिरा पोहोचते. कौतुकाचा एखादा शब्द मिळेल अशी तिची अपेक्षा. वडील म्हणतात ते एवढेच, की आणखी लवकर निघायला हवे होते.

या प्रसंगाकडे स्वावलंबनाचा धडा म्हणून पाहण्याची प्रथा पडली आहे. आम्हांस तो धडा वाटत नाही. जवळपास साठ वर्षांनी, देशाचे सर्वोच्च न्यायासन भूषवत असताना, एका वृद्धेला वडिलांनी न उच्चारलेला शब्द आठवतो, यात शिकवण कमी आणि सल अधिक आहे. लेखिकेने तो सल कुरवाळला नाही, की वडिलांना दोषही दिला नाही. प्रसंग सांगितला आणि ती पुढे गेली. आजीविषयीच्या गद्यात हा संयम दुर्मीळ आहे, आणि पुस्तकाची खरी ताकद आम्हांस इथेच दिसते.

आता ती दुसरी बाजू. सहा वर्षांच्या सँड्राला शाळेसाठी रँचवरून दूर टेक्सासमधील एल पासो शहरी पाठवण्यात आले, कारण जवळपास योग्य शाळाच नव्हती. तिथे ती राहिली आईच्या आईकडे, मेमी विल्कीकडे. मध्यंतरी एक वर्ष ती घरी राहून शिकली. त्या वर्षी पहाटेच्या अंधारात बस पकडायची आणि परतायचे तेही अंधारात. पुढे पुन्हा आजीचे घर. सोळाव्या वर्षी शालेय शिक्षण संपवून ती स्टॅनफर्डला गेली ती एल पासोहूनच. म्हणजे वर्षाचे बहुतेक महिने, वाढीची बहुतेक वर्षे, ही 'रँचवर वाढलेली' मुलगी शहरातल्या एका बोलघेवड्या आजीच्या देखरेखीखाली वाढत होती. रँच होती सुट्टीपुरती, आणि जिच्यासाठी वर्षभर झुरावे अशी.

असे असता पुस्तकात काय आढळते? रास्टस, जिम ब्रिस्टर, बग क्विन, क्लॉड टिपेट्स या गुराख्यांची व्यक्तिचित्रे ऐसपैस रंगवली आहेत आणि ती उत्तम उतरली आहेत. पवनचक्क्या आहेत, घोडे आहेत, पाळलेले रानमांजर आहे. आजी मात्र थोडक्यात आटोपते. यावर कोणी म्हणेल, पुस्तक रँचविषयी आहे, त्यात शहरातल्या आजीचे काय काम? आक्षेप वरवर रास्त आहे. परंतु मग त्या पुस्तकाच्या आधारे 'रँचने घडवली' असे म्हणण्याचा अधिकारही उरत नाही. आमचा तर्क असा, की गुराख्याच्या कामात प्रसंग असतो. घोडा उधळतो, विहीर आटते, वासरू हरवते. मुलीला रोज वेळेवर उठवणे, खाऊ घालणे, शाळेत धाडणे यात प्रसंग नसतो. जे चुकले नाही ते आठवत नाही, आणि जे आठवत नाही ते आत्मचरित्रात येत नाही.

स्वावलंबनाच्या दंतकथेतून आणखीही काही निसटते. त्या १,९८,००० एकरांपैकी बहुतांश जमीन डे कुटुंबाच्या मालकीची नव्हती, ती सरकारकडून चराईसाठी भाडेपट्ट्याने मिळालेली होती. शिवाय १८८० साली रँच वसली, तेव्हा त्या मुलखातले अपाची अजून लढत होते. जेरोनिमोने शरणागती पत्करली ती १८८६ साली, त्याच आग्नेय ॲरिझोनात. हे स्वतंत्र लेखाचे विषय आहेत. आम्ही इथे केवळ बोट दाखवून थांबतो.

२००५ साली बाईंनी मुलांसाठी 'चिको' हे पुस्तक लिहिले. छोटी सँड्रा, तिचा घोडा आणि वाटेत आडवा आलेला विषारी साप, एवढीच गोष्ट. कोणत्याही आजीने नातवंडांना सांगावी अशी. पुढच्या वर्षी, आजारी पतीसाठी वेळ देता यावा म्हणून, त्या न्यायालयातून निवृत्त झाल्या. २०१८च्या ऑक्टोबरात त्यांनी जाहीर पत्र लिहून आपल्याला स्मृतिभ्रंश जडल्याचे, तो बहुधा अल्झायमर असल्याचे कळवले आणि सार्वजनिक जीवनाचा निरोप घेतला. तेव्हापासून त्यांच्या बालपणाची साक्ष प्रामुख्याने या दोन पुस्तकांतच उरली. मृत्युलेखकांनी घोडा घेतला, साप घेतला, चाक घेतले. मेमी विल्की थोडक्यातच होती, ती आणखी थोडकी झाली.

आम्ही शिकवणारी माणसे. 'माझी आजी' हा निबंध आमच्या हातांखालून इतक्या वेळा गेला आहे, की गोधडी, सुरकुतलेले हात आणि देवघरातली समई कोणत्या परिच्छेदात येणार हे न वाचता सांगता येते. 'लेझी बी' वर्गात वाचून झाल्यावर आम्ही विषय बदलून पाहिला. आजी कशी होती ते लिहू नका, ती कोणाकडे वाढली ते लिहा. बहुतेकांनी कोरे कागद परत केले. एका मुलीने घरी दूरध्वनी करून विचारले आणि दुसऱ्या दिवशी अर्धे पान लिहून आणले. आजीची आई लवकर गेली होती. आजी मामाच्या घरी वाढली, तिथेच सातवीपर्यंत शिकली. मामाचे नाव, त्याचे गाव, त्याचे किराणा दुकान, सारे तिला मिळाले होते. दोन्ही वेळा जेवू घालणाऱ्या मामीचे नाव मात्र घरात कोणालाच सांगता आले नव्हते.