विश्लेषण : नळाच्या पाण्यातील शिसे घरातील फिल्टरने जाते का? फ्लिंटच्या जलसंकटाने काय शिकवले?

पाणी स्वच्छ दिसते, वासही नाही, तरी त्यात शिसे असू शकते. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील सुमारे एक लाख लोकवस्तीच्या फ्लिंट शहराने हे अनुभवले. अशा वेळी घरातील फिल्टर कितपत उपयोगी पडतो?

फ्लिंटमध्ये काय घडले?

आर्थिक अडचणीतील या शहराचा कारभार राज्याने नेमलेल्या व्यवस्थापकाकडे होता. खर्च वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटकडून येणारे ह्युरॉन सरोवराचे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी घेण्यात आले. हे पाणी अधिक क्षरणकारी होते, म्हणजे धातू झिजवणारे. तरीही वाहिन्यांची झीज रोखणारे ऑर्थोफॉस्फेट त्यात मिसळले गेले नाही. परिणामी जुन्या वाहिन्यांतील संरक्षक थर निघाला आणि शिसे पाण्यात उतरले.

धोका कधी उघड झाला?

ऑक्टोबर २०१४ मध्येच जनरल मोटर्सने यंत्रभाग गंजत असल्याने इंजिन कारखान्यात हे पाणी वापरणे थांबवले. नागरिकांना मात्र पाणी सुरक्षित असल्याचे सांगितले जात होते. २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेकचे मार्क एडवर्ड्स यांच्या चमूने घरोघरचे नमुने तपासले. बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतिशा यांनी मुलांच्या रक्तातील वाढलेले शिसे दाखवून दिले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटचे पाणी पुन्हा सुरू झाले. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही.

पाणी उकळले तर?

उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही. उलट वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. यूव्ही दिवाही केवळ जंतूंवर चालतो.

मग कोणता फिल्टर?

शिसे काढण्यासाठी प्रमाणित केलेला कार्बन फिल्टर किंवा आरओ. क्लोरीनचा वास घालवणारा प्रत्येक कार्बन फिल्टर शिसे रोखतोच असे नाही. फ्लिंटमध्ये वाटलेल्या फिल्टरची चाचणी १५० पीपीबीपर्यंतच्या शिशासाठी होती. काही घरांत त्याहून अधिक शिसे आढळल्याने चिंता वाढली. नंतरच्या चाचण्यांत फिल्टर प्रभावी ठरले. मात्र काडतूस वेळेवर बदलावे लागते आणि अशा फिल्टरमधून गरम पाणी सोडायचे नसते.

टीडीएस मीटरने शिसे कळते का?

नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, तर टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० मिलिग्रॅम आहे. मीटर विरघळलेल्या सर्व क्षारांचा एकत्रित अंदाज देतो. त्यात शिशाचा कण दिसत नाही. त्यामुळे विक्रेत्याने दाखवलेल्या कमी आकड्यावरून पाणी शिसेमुक्त ठरत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतच तपासणी करावी लागते.

कायमचा उपाय कोणता?

शुद्धीकरण केंद्रात पाणी निर्दोष असले, तरी घरापर्यंतच्या वाहिनीत ते बिघडू शकते. म्हणून तपासणी नळावर व्हायला हवी, पाण्याचा क्षरणगुण आटोक्यात हवा आणि शिशाच्या वाहिन्या बदलायला हव्यात. फ्लिंटमध्ये २०१७ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर हजारो जोडवाहिन्या बदलाव्या लागल्या. फिल्टर हा तोवरचा आधार. जबाबदारी पाणी पुरवणाऱ्याचीच.