सुट्टी कोणाची, आणि रगाडा कोणाच्या माथीं?



दिवाळीची सुट्टी लागली कीं, "आतां पोरांना विसांवा मिळाला," असें जो तो म्हणतो. आम्ही विचारतों, कोणाच्या पोरांना? पगारदाराच्या मुलाला सुट्टी म्हणजे उशिरा उठणें, फराळ आणि मामाचें गांव. परंतु कष्टकऱ्याच्या मुलाची सुट्टी कशी जाते, तें जरा उघड्या डोळ्यांनीं पाहा. पाटण-जावळीकडे त्याच सुमारास भाताची कापणी. कऱ्हाड-वाळव्याकडे साखर कारखान्यांचीं धुराडीं पेटूं लागतात. तासगांव-मिरजेकडे द्राक्षबागांत छाटणीनंतरच्या कामांची घाई. कुंभाराच्या पोरीच्या हातीं पणत्या, शिंप्याच्या पोराच्या हातीं काज-बटणें. शाळेची घंटा थांबते आणि घरची सुरू होते!

यावर सुट्टीचा अभ्यास, आणि डोक्यावर परीक्षा. २०२४ सालीं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला झालें. पुढें बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारी २०२५ रोजीं व दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. मध्यें चार महिनेहि नव्हते. मग पोर चिडतें, जेवत नाहीं, रात्र रात्र जागतें, डोकें दुखतें, पोट दुखतें म्हणतें. आणि आपण काय म्हणतों? "नाटकें करतें!"

बांधवांनो, हें नाटक नव्हे, हें ओझें आहे. आणि तें तिघांनीं मिळून लादलेलें आहे.

पहिलें ओझें शाळेचें. धडेच्या धडे उतरवून आणा, पाढे पन्नास वेळां लिहा, असलीं फर्मानें सोडणाऱ्या आमच्याच पेशांतल्या मंडळींना रोकडा सवाल आहे: अशानें बोटें दुखतात, पण डोकें चालतें काय? त्यापेक्षां बापाच्या शेताचें मोजमाप, बाजाराचा हिशेब, आजीनें सांगितलेली एखादी हकीकत लिहून आणायला सांगा. थोडें द्या, पण समजून करायचें द्या.

दुसरें ओझें डामडौलाचें. ऊस फडांत उभा, बिल कारखान्याकडे, आणि शेजाऱ्यानें आणले म्हणून फटाके व नवीं कापडें उसनवारीनें! ऋण काढून सण करणाऱ्याच्या घरीं रात्रीं जी बोलाचाली होते, ती पोर गोधडीखालीं पडून ऐकत असतें. "हें कर्ज आपल्या पायीं झालें," असें तें मनांत धरतें. अशा पोराला लाडू गोड कसा लागावा?

तिसरें ओझें घरच्या कामाचें. येथें कोणी म्हणेल, "कामानें पोर मरतें काय? भाऊराव पाटलांचीं पोरें राबलींच कीं!" होय, राबलीं. १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह झालें, आणि तेथलीं मुलें स्वतःच्या कष्टानें शिकलीं. परंतु तें राबणें शिकण्यासाठीं होतें. तेथें काम शिक्षणाच्या पोटांत होतें; आपल्या घरीं शिक्षण कामाच्या पोटांत गडप होतें.

ज्यांचें मूळ गांव आपल्या खटाव तालुक्यांतलें काटगुण, त्या जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हेंच दुखणें मांडलें. शेतकरी गरीब, त्याला गुरें राखायला व शेत पाहायला पोर लागतें. म्हणून शिष्यवृत्त्या व बक्षिसें द्या, बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचें करा, असें त्यांचें मागणें होतें. सक्तीच्या शिक्षणाचा देशव्यापी कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला! आणि तरीहि बीडकडून आपल्याच कारखान्यांवर येणाऱ्या ऊसतोड्यांच्या कित्येक पोरांचें दिवाळीनंतरचें सत्र फडांतच जातें. त्यांना सुट्टीहि नाहीं आणि शाळाहि नाहीं.

मग करावें काय? सुट्टींत रोज सकाळचे दोन तास पोराच्या अभ्यासाचे ठरवा. त्या वेळांत त्याला पाणी आणायलाहि हांक मारूं नका. मुलगी असली तर मुळींच नको, कारण तिला चूलहि आहे. काम सांगायचें तें त्यानंतर, आणि झेपेल तेवढेंच. निदान दोन दिवस निव्वळ खेळायला सोडा. पोटभर झोंपूं द्या. सणाचा खर्च पोरांना बसवून मोकळेपणीं सांगा; तीं समजूतदार असतात.

आणि पोर गप्प गप्प राहूं लागलें, जगणें नकोसें म्हणूं लागलें, तर अंगारे-धुपारे करीत बसूं नका. त्याच्यापाशीं बसा, विचारा, सरकारी दवाखान्यांत न्या. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट बोलतां येतें, आणि मराठींतहि बोलतां येतें.

विद्यार्थीमित्रांनो, तुम्हीहि तोंड उघडा. "इतकें काम करीन, पण हे दोन तास माझे," असें घरीं ठणकावून सांगा. यांत उर्मटपणा नाहीं. आणि पालकांनो, सुट्टी लागण्यापूर्वींच पालकसभेंत उभे राहा व गुरुजींना विचारा, हा अभ्यास किती, आणि कशासाठीं? शाळा तुमच्या करावर चालते. तुम्हांला विचारण्याचा हक्क आहे.