दगड सारखा, शब्द आपले

खडकीला होळकर पुलाजवळ एक हिरवेगार, शांत आवार आहे. ‘वॉर सिमेटरी’ हे त्याचे नाव बहुतेक पुणेकरांच्या कानावरून गेलेले असते. आत जाऊन आलेले मात्र थोडेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मरण पावलेल्या १,६६८ सैनिकांची थडगी तिथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी विखुरलेली, पुढे कोण निगा राखील याची शाश्वती नसलेली थडगी हलवून इथे आणली गेली. निवृत्तीनंतर मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या नजरेत भरावी अशीच गोष्ट आधी दिसली. कोणाचाही दगड शेजाऱ्याच्या दगडापेक्षा मोठा नाही. अधिकारी असो की साधा शिपाई, खातेवही एकच आणि रकानेही तेच.

ही समानता आपोआप आलेली नाही. १९१७ मध्ये ब्रिटिश साम्राज्याने युद्धातल्या थडग्यांसाठी एक आयोग नेमला. पुढच्याच वर्षी सर फ्रेडरिक केनियन यांनी त्याला अहवाल दिला. हुद्दा, धर्म, पैसा काहीही न पाहता सर्वांना एकाच मापाचा दगड, हे त्याचे सूत्र. श्रीमंताने पदरचे पैसे घालून मुलावर संगमरवरी देवदूत उभारायचा नाही आणि मृतदेह मायदेशी न्यायचाही नाही. कुटुंबाला मुभा एवढीच, की दगडाच्या तळाशी आपल्या मनातला मजकूर कोरून घ्यावा; पण तोही जास्तीत जास्त ६६ अक्षरांचा, मधल्या मोकळ्या जागा धरून! आणि त्याचा दर? अक्षराला साडेतीन पेन्स. पैशांवरून पुन्हा गरीब-श्रीमंत भेद होईल म्हणून न्यूझीलंडच्या सरकारने आपल्या सैनिकांच्या दगडांवर असा मजकूरच नको म्हटले. पुढे ती रक्कम ऐच्छिक करण्यात आली.

लोक गप्प बसले नाहीत. युद्धात तीन मुलगे गमावलेल्या लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांच्या पुढाकाराने आठ हजारांवर सह्यांचा अर्ज गेला. आमच्या मुलांच्या डोक्याशी दगडाऐवजी क्रूस हवा, अशी त्यांची विनवणी होती. ४ मे १९२० रोजी ब्रिटिश संसदेत यावर चर्चा झाली आणि अखेर आयोगाचा नियम टिकला. आज खडकीला रांगेत उभे राहिले की तो नियम योग्यच वाटतो. पण त्या आईच्या जागी उभे राहून पाहिले, तर इतक्या सहज मान डोलवता येत नाही.

मला हे एका रोखपालाने शिकवले. आमच्या शाखेत तो माझ्याबरोबर होता. मराठी ख्रिस्ती कुटुंब, माणूस अबोल. त्याचा आठ वर्षांचा मुलगा तापाने गेला. बापाने थडग्यावर त्याची लाल रंगाची खेळण्यातली मोटार सिमेंटने पक्की बसवली, भोवती काचेचे मणी लावले, प्लास्टिकच्या फुलांची माळ घातली. काही महिन्यांनी दफनभूमीच्या व्यवस्थापनाकडून सूचना आली : नियमाबाहेरच्या वस्तू पंधरा दिवसांत काढाव्यात, अन्यथा काढून टाकण्यात येतील. तो कागद घेऊन तो माझ्या टेबलापाशी आला. “साहेब, तुम्ही लिहिता ना? एक अर्ज लिहून द्या. मोटार राहू द्या म्हणावं. बाकी सगळं मी काढतो.”

अर्ज लिहिताना माझी पंचाईत झाली. कारण व्यवस्थापनाची बाजू मला पटत होती. काच फुटते आणि अनवाणी पायात शिरते. प्लास्टिक वाऱ्याने उडून नाल्यात जाते. ओटे रुंदावत गेले की दोन थडग्यांमधून वाट राहत नाही. शहरातल्या दफनभूम्यांत जागा इतकी अपुरी, की कितीतरी ठिकाणी काही वर्षांनी तीच जागा पुन्हा वापरावी लागते. सार्वजनिक जागेत एकाचे दुःख फार पसरले, तर दुसऱ्याच्या दुःखाला जागा उरत नाही. हे सारे खरे. तरीही त्या बापाला दफनाच्या दिवशी यातले एक अक्षर कोणी सांगितले नव्हते. नियम त्याला कळला तो मोटार बसवून झाल्यावर!

नियम आधी सांगितलेला नसला की काय होते, ते महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली. त्या खटल्यात २०१५ साली फाशी झालेल्या याकूब मेमनच्या मरीन लाइन्स इथल्या कबरीवर संगमरवरी फरशी आणि दिवे लागल्याचे सप्टेंबर २०२२ मध्ये गाजले. पोलिसांनी दिवे काढले, सरकारने चौकशी जाहीर केली. संताप स्वाभाविक होता. ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांना काय वाटले असेल? पण चर्चा रंगली ती हे कोणाच्या राजवटीत झाले यावर. कबरीवर काय लावता येते आणि काय नाही, हा साधा प्रश्न बाजूलाच राहिला. ‘कोणाच्याही कबरीवर रोषणाई नाही’ असा एकच नियम सर्वांना लागू असता आणि पाळला गेला असता, तर गुन्हेगाराचा गौरव झाला नसता आणि कोणाला वेगळी वागणूक दिल्याचा आरोपही झाला नसता.

मात्र समानतेचा नियम करणारेही तो पाळतातच असे नाही. त्याच युद्धस्मारक आयोगाने नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये आला. पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० मृतांची, प्रामुख्याने आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्यांची, नावानिशी नोंदच झाली नाही. कदाचित मुळीच झाली नाही. आणखी ४५ ते ५४ हजारांची नोंद झाली ती दुय्यम रीतीने. त्यांत भारतीयही होते. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांचे मात्र नुसते आकडे. त्याच मेसोपोटेमियाच्या आघाडीवर, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणींचे जवान होते. आयोगाने याबद्दल माफी मागितली, पण शंभर वर्षांनी! म्हणजे नियम चांगला होता; तो कोणाला लागू करायचा, इथे हात आखडला.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल की आमच्यात दहन होते, आमचा याच्याशी काय संबंध? जरा आपल्या कोपऱ्यावरचा चौक आठवा. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे फलक, त्यात गेलेल्याचा फोटो आणि खाली शोकाकुल मंडळींचे त्याहून मोठे फोटो. बेकायदा फलकांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने वारंवार कान उपटले, तरी ते लागतातच. पुण्यात वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री आहे, लाल देवळाशेजारी डेव्हिड ससून यांची समाधी आहे. थोरामोठ्यांची स्मारके होणारच. परंतु सार्वजनिक जागेवर ज्याचा खिसा मोठा त्याचे स्मरण मोठे, हा न्याय एकदा मान्य केला की तो दफनभूमीच्या भिंतीशी थांबत नाही.

मग करावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी. दगडाचे माप सर्वांना सारखे असावे, मग तो कोणाचाही असो. त्यावरचे शब्द मात्र घरच्यांचे असावेत, त्यांच्या भाषेत. आणि वस्तू ठेवायच्या तर सुकणाऱ्या, विझणाऱ्या असाव्यात : झेंडू, मेणबत्ती, उदबत्ती. खेळण्यासारखी एखादी वस्तू पहिले वर्षभर राहू द्यावी, कारण पहिले वर्ष वेगळे असते. हे सारे अर्ध्या पानाच्या मराठीत छापून, दफनाची पावती देतानाच हातात द्यावे. बँकेत आम्ही एक धडा शिकलो होतो : नियम खाते उघडताना सांगावेत, बंद करताना सांगितले की भांडण होते.

रोखपालाच्या अर्जाला लेखी उत्तर आले नाही. तिथल्या एका वयस्कर रखवालदाराने तोंडी सांगितले, “दोन नोव्हेंबरपर्यंत राहू द्या, मग बघू.” त्या दिवशी सगळी ख्रिस्ती कुटुंबे आपापली थडगी धुऊन, फुले वाहून मेणबत्त्या लावतात. तोही गेला. सोमवारी कामावर आला तेव्हा त्याच्या टेबलाच्या खणात ती लाल मोटार होती. चाकांना सिमेंट चिकटलेले. “मीच काढली, साहेब,” तो म्हणाला, “दुसऱ्या कोणी काढण्याआधी.” निवृत्त होईपर्यंत ती त्या खणात होती. दगडावर त्याने काय कोरून घेतले, ते मी कधी विचारले नाही.