वारा धरलेली गाडी

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीच्या रेडिएटरवर लिहावे, हे संपादकांना कितपत रुचेल याची मला धाकधूकच आहे. या सदरात आजवर मी फार तर हरवलेल्या छत्र्या, शेजारचे पेटीवादन आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे यांवर लेखणी झिजवली. पण गेल्या दिवाळीत आमच्या घरी जो प्रसंग गुदरला तो सांगितल्यावाचून राहवत नाही. आणि ज्यांच्या दारात अजून एखादी जुनी गाडी उभी आहे त्यांच्या तो उपयोगीही पडेल.

आमची गाडी 1987 सालची प्रीमिअर पद्मिनी. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या दिवशीचे वर्तमानपत्र घडी घालून कपाटात ठेवले. अण्णांचे वय आता एकोणऐंशी. साताऱ्याची आत्या त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. दर भाऊबीजेला अण्णा पुण्याहून याच गाडीने तिच्याकडे जातात. एस. टी.ने नाही, की कोणाच्या नव्या गाडीनेही नाही.

दिवाळी दहा दिवसांवर आली आणि रेडिएटरची रबरी नळी फुटली. एका गॅरेजवाल्याने नवी बसवली, तोंडापर्यंत पाणी भरले, झाकण आवळले आणि पैसे मोजून घेतले. दुसऱ्या दिवसापासून तापमानाचा काटा नाचू लागला. सरसर तांबड्या खुणेकडे जाई, क्षणात खाली येई, पुन्हा वर. आतून गुरगुर ऐकू येई ती वेगळीच. पुन्हा गॅरेज गाठले. मेस्त्री म्हणाला, ‘‘सर, हेड उतरवावं लागेल. खरं सांगू? आता भंगारात द्या हिला.’’

पार्किंगच्या जागेवर डोळा ठेवून असलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी लगेच मान डोलावली. खोटे कशाला बोलू, माझीही डोलली.

अण्णांनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘‘पाणी भरताना गाडी उभी कशी होती?’’

‘‘उभी कशी म्हणजे? चार चाकांवर.’’

‘‘उद्या सकाळी सहाला खाली ये. त्याआधी झाकणाला हात लावायचा नाही.’’

या ताकिदीमागे इतिहास आहे. 1991 च्या मे महिन्यात बोरघाटात गाडी तापली असता अण्णांनी ओल्या टॉवेलने झाकण फिरवले होते. मी तेव्हा दहा वर्षांचा. त्यांच्या उजव्या हाताच्या कोपराखाली तळव्याएवढा चट्टा अजून आहे. स्वयंपाकघरातला कुकर आठवा, म्हणजे उलगडा होईल. बंद झाकणाखाली दाब वाढतो आणि शंभर अंशांवर गेलेले पाणीही उकळत नाही. झाकण उघडले की दाब एकदम जातो आणि तेच पाणी वाफ होऊन अंगावर येते. त्यात खंडाळ्याच्या उंचीवर उघडे पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळते. म्हणून गाडी पार थंड, म्हणजे रात्रभर उभी असलेली हवी.

सकाळी सोसायटीच्या तळघरातून वर येणाऱ्या उतारावर आम्ही गाडी नाक वर करून लावली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून अण्णा सांगू लागले आणि मी, एम. ए. मराठी, करू लागलो.

इंजिनातल्या पाण्याच्या वाटा वाकड्यातिकड्या. भराभर पाणी ओतले की एखाद्या वळणात हवा कोंडते. पाणी तोंडाशी दिसते, पण आत पोकळीच असते. पंप पाणी ढकलतो, हवा त्याला ढकलवत नाही. तेवढ्या भागातले लोखंड तापत राहते आणि काट्याला कधी वाफ लागते, कधी पाणी. जुन्या शुद्धलेखनातल्या अनुच्चारित अनुस्वारासारखा हा बुडबुडा: उच्चारात कुठे नाही, पण आपली जागा अडवून बसलेला. 1962 च्या नियमांनी तो अनुस्वार एका ठरावात काढला. इथे मात्र वेळ लागतो.

हवा नेहमी वर चढते. म्हणून रेडिएटरचे तोंड सगळ्यांत उंच हवे. उताराचे प्रयोजन तेवढेच. झाकण उघडे ठेवून मी कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे निम्मेनिम्मे मिश्रण अगदी बारीक धारेने ओतले. (हे कुलंट चवीला गोड आणि विषारी असते, मुलांपासून आणि मांजरांपासून लांब ठेवावे.) मग वरची रबरी नळी दाबायची, सोडायची. बुडूक! एक बुडबुडा आला. पुन्हा बुडूक. पातळी उतरली, तेवढी भरली. नंतर इंजिन सुरू करून संथ चालू ठेवले. पंख्यापासून बाह्या दूर. ज्या गाडीला हीटर असतो त्यांनी तो पुऱ्या गरमवर ठेवावा, कारण त्याच्या नळ्यांतही हवा दडते. आमच्या गाडीला नाही.

‘‘आता थांब,’’ अण्णा म्हणाले.

थांबायचे ते थर्मोस्टॅटसाठी. त्यातले मेण तापून फुगले की रेडिएटरची वाट उघडते. तोवर पलीकडची हवा बाहेर येऊच शकत नाही. दहा मिनिटे गेली. बुडबुडे येतच होते आणि अण्णांचा चेहरा उतरू लागला. मी कारण विचारले तेव्हा हलकेच म्हणाले, ‘‘हे थांबले नाहीत, तर मेस्त्री खरा.’’ हेड गॅस्केट गेलेले असले तर सिलिंडरमधला धूरच पाण्यात शिरतो आणि त्या बुडबुड्यांना अंत नसतो. मग उतार, नळी, धीर, कशाचाही उपयोग नाही. मनातल्या मनात डोलावलेली माझी मान आता मलाच बोचू लागली.

अचानक वरची नळी हाताला गरम लागली. तोंडातले पाणी भसकन खाली गेले. ‘‘ओत, ओत!’’ अण्णा खुर्चीवरून उठलेच. अर्धा लिटरहून अधिक मिश्रण आत गेले. मग दोन मोठे बुडबुडे, चारसहा बारीक, आणि पाणी स्वच्छ, नुसते थरथरणारे. अण्णांनी घड्याळ काढून आणखी पाच मिनिटे मोजली. एकही आला नाही.

‘‘लाव झाकण.’’

दुसऱ्या दिवशी थंड गाडीत पुन्हा पाहिले, तर पातळी बोटभर उतरली होती, तेवढी भरली. भाऊबीजेला कात्रज चढलो, खंबाटकीही चढलो. वाटेत अण्णांनी रस्त्याकडे क्वचितच पाहिले. त्यांची नजर काट्यावर होती आणि काटा मध्यावर होता.

साताऱ्यात आत्या फाटकाशीच उभी होती. ‘‘गाडीनं त्रास नाही ना दिला रे?’’

‘‘छे!’’ अण्णा दार लावत म्हणाले, ‘‘जरा वारा धरला होता.’’