बोटभर मोठा बूट
औशात जूनमध्ये दोन खरेद्या एकदमच अंगावर येतात : सोयाबीनचं बियाणं आणि पोरांचे बूट. आधी बियाणं, बूट उरलेल्या पैशात. म्हणून दुकानात आई अंगठ्यानं बुटाचं टोक दाबून बघते. बोटभर जागा उरली तरच 'द्या बांधून' म्हणते. टाच निसटली तर निसटू दे, दिवाळीपर्यंत पाय भरतोच! जिल्हा परिषदेच्या शाळांत २०२३ पासून सरकारच बूट देतं; विद्यार्थ्यामागे १७० रुपये, त्यातच मोज्यांचे दोन जोड. (एवढ्या पैशात कुठल्या बाजारात मिळतात, देव जाणे.) कपड्यांचंही तसंच : २०२४ ला 'एक राज्य, एक गणवेश' योजना आली, कापड वरून आलं आणि कित्येक पोरांनी सत्र जुन्याच कपड्यांवर काढलं. डिसेंबरात गणवेशाचा कारभार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला. बरंच झालं, निदान पोराच्या खांद्याला टेप लावणारा शिंपी तरी जवळचा मिळेल.