'लव्ह', लोभ आणि लष्कराच्या भाकऱ्या

भाषांतराच्या उत्तरपत्रिका तपासताना एक चूक आम्हांला दरवर्षी भेटते. इंग्रजी उताऱ्यात दोन भावांविषयी 'नो लव्ह लॉस्ट' असे म्हटलेले असते आणि विद्यार्थी लिहून मोकळा होतो : 'त्या दोघांमधले प्रेम कधी हरवले नाही.' आम्ही लाल रेघ ओढतो, कारण अर्थ नेमका उलट आहे. त्या भावांमध्ये विस्तव जात नाही, एवढेच त्या लेखकाला सांगायचे असते.

ही रेघ ओढताना आताशा आमचा हात जरा अडखळतो. इंग्लंडात १५९५ साली नोंदल्या गेलेल्या 'चिल्ड्रन इन द वुड' या पोवाडावजा कथागीतात हाच प्रयोग एकमेकांवर जीव असलेल्या नवराबायकोविषयी आला आहे. दोघांचे प्रेम वाया गेले नाही, दिले तेवढे परत मिळाले, असा तिथला भाव. सतराव्या शतकात हा वाक्प्रयोग स्नेह आणि वैर अशा दोन्ही अर्थांनी चालत होता. पुढे पहिला अर्थ गळाला आणि दुसरा उरला. म्हणजे आमचा विद्यार्थी चुकला तो चारशे वर्षांनी उशिरा जन्मल्यामुळे!

विनोद बाजूला ठेवू. खरी अडचण अशी की 'लव्ह' दिसले की 'प्रेम' लिहायचे, हा आपल्याला शाळेपासून जडलेला रिवाज आहे. मराठी वाक्प्रचारांत मात्र 'प्रेम' हा शब्द फारसा राबत नाही. 'प्रेमात पडणे' हा त्यातल्या त्यात रुळलेला प्रयोग, आणि तोही आम्हांला इंग्रजी वळणाचाच वाटतो. मराठीत ते काम 'जीव' करतो : जीव लावणे, जीव जडणे, जीव टाकणे, जीव ओवाळून टाकणे. शिवाय लळा लागतो, माया लावता येते. गंमत म्हणजे हीच माया जमवताही येते, आणि तेव्हा ती बहुधा आडमार्गाने आलेली असते.

आणि 'लोभ'? संस्कृतातील 'लुभ्' धातू आणि इंग्रजीतील 'लव्ह' यांचे मूळ भाषाशास्त्रज्ञ एकाच प्राचीन धातूत शोधतात. या शब्दाला मराठीत एरवी हाव चिकटलेली असली, तरी 'लोभ असावा' म्हणून पत्र संपवणाऱ्या पिढीने त्याचा जुना ओलावा जपला होता. इंग्रजी पत्राच्या शेवटी 'लव्ह' दिले जाते; मराठी पत्राच्या शेवटी लोभ मागितला जातो. असे असूनही आमचे विद्यार्थी तिथे 'प्रेमासह' लिहितात आणि आम्ही गुण देतो.

इंग्रजीत या शब्दाभोवती जमलेल्या वाक्प्रचारांचा एक गट मात्र आम्हांला अधिक विचारात पाडतो. 'नॉट फॉर लव्ह ऑर मनी' म्हणजे काही केल्या नाही. इथे प्रेम आणि पैसा तराजूच्या दोन पारड्यांत बसले आहेत. 'प्लेइंग फॉर लव्ह' म्हणजे पैसे न लावता खेळणे. टेनिसमध्ये शून्याला 'लव्ह' का म्हणतात, याविषयी अंड्याच्या फ्रेंच शब्दाची कथा लोकप्रिय आहे. पण ती या बिनपैशाच्या खेळातूनच आली असावी, हे मत आम्हांला अधिक पटते. या गटात 'लव्ह'चा व्यावहारिक अर्थ 'मोबदला शून्य' असा होऊन बसला आहे.

'लेबर ऑफ लव्ह' याच वाटेने गेला. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये थेस्सलनीकाकरांस आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत तो येतो. तिथे वेतनाचा प्रश्नच नाही. प्रेमापोटी उपसलेले कष्ट, हा तिथला आशय. आज मात्र हा प्रयोग बहुतेकदा विनावेतन कामाला लावलेली शोभेची झालर असतो. आणि ती झालर आता मराठीतही आली आहे. नियतकालिकाचे संपादन, कोशाच्या नोंदी, शताब्दी स्मरणिकेची मुद्रिते तपासणे, सारे काही व्यासपीठावरून 'प्रेमाचे श्रम' ठरते. शाल-श्रीफळ मिळते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला त्या दिवसाच्या बुडालेल्या तासिकांचे पैसे मात्र मिळत नाहीत.

'प्रेमाचे श्रम' हे भाषांतर ओबडधोबड आहे, ही आमची तक्रार नाही. मराठीत अशा कामाला जे शब्द आहेत, त्यांना ते बाजूला सारते, ही आमची तक्रार आहे. 'पदरमोड' म्हटले की कुणाच्या तरी गाठीचे गेले, हे शब्दातच दिसते. 'घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे' यात तर पीठ कुणाचे, सरपण कुणाचे आणि जेवणार कोण, याचा सगळा हिशेब उघडा आहे. 'हौस' शब्दही प्रामाणिक आहे. पण ती हौस करणाऱ्याने सांगायची असते, करवून घेणाऱ्याने नव्हे.

अशाच एका समारंभात वक्त्यांनी 'प्रेमाचे श्रम' असा उल्लेख केला, तेव्हा स्मरणिकेसाठी चार महिने खपलेला आमचा तरुण सहकारी शेजारी बसून हळूच म्हणाला, "म्हणजे घरचे खाऊन." पुढच्या प्रश्नपत्रिकेत हा वाक्प्रचार भाषांतरासाठी घालायचा, हे आम्ही तिथेच ठरवले.